चार्टर स्कूल: खासगी, सरकारी की मुदतीची सनद?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी आपण नाशिकहून न्यू जर्सीत आलात, येत्या सप्टेंबरात मुलगी किंडरगार्टनला जाईल, राहत्या पत्त्यावर जी शाळा मिळते तिचे निकाल बरे आहेत, आणि शेजारच्या कुटुंबाने गावातल्या चार्टर स्कूलमध्ये अर्ज भरण्याचा आग्रह धरला आहे. ही शाळा खासगी की सरकारी, फी किंवा देणगी लागते का, एच-फोर व्हिसावरच्या (नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) मुलीला प्रवेश मिळेल का, आणि शेवटी, चार्टर शाळा नेहमीच्या सरकारी शाळांपेक्षा चांगल्या असतात का, असे आपले चार प्रश्न आहेत. मी याच राज्यातल्या चार्टर शाळांमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ काम करते आहे. सुरुवातीची नऊ वर्षे गणित शिकवले, त्यानंतर शाळेचा कारभार पाहिला, आणि सनदेच्या नूतनीकरणाचे अर्ज दोनदा स्वतः लिहिले. त्या अनुभवाच्या आधारे लिहिते.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. चार्टर स्कूल ही सार्वजनिक शाळा आहे. तिथे शिकवणी शुल्क घेता येत नाही आणि प्रवेशासाठी देणगी मागणे बेकायदेशीर आहे. व्हिसाच्या प्रकाराचा प्रवेशाशी संबंध नाही. १९८२ मधील प्लायलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या मुलांकडे वास्तव्याची कागदपत्रेच नाहीत त्यांनाही सार्वजनिक शाळेचे दार बंद करता येणार नाही असे सांगितले आहे, मग आपल्या मुलीचा प्रश्नच येत नाही. पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद एवढे लागते. अवघड आहे तो चौथा प्रश्न, आणि माझ्या मते तो ज्या रूपात विचारला जातो त्या रूपात त्याचे उत्तर देताच येत नाही. ते का, हे कळण्यासाठी ही शाळा चालते कशी हे आधी समजून घ्यावे लागेल.

चार्टर म्हणजे सनद. आपल्याकडे वकिलाला सनद मिळते, जुन्या काळी इनामाची सनद मिळत असे. फरक इतकाच की इनामाची सनद पिढ्यान्‌पिढ्या चाले आणि शाळेची ही सनद मोजक्या वर्षांची असते. शिक्षक, पालक किंवा एखादी संस्था राज्याकडे अर्ज करते की आम्हाला अमुक गावात, अमुक इयत्तांची, अमुक पद्धतीची शाळा काढायची आहे. राज्याने मान्यता दिली की त्या शाळेला स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक शिक्षण मंडळाच्या, अनेक नियमांतून मोकळीक मिळते. वेळापत्रक, पाठ्यपुस्तके, शिक्षकांची निवड, पैशांचा विनियोग हे तिचे स्वतःचे विश्वस्त मंडळ ठरवते. त्या बदल्यात मुलांची प्रगती, हजेरी, हिशेब यांबाबत तिने जे कबूल केलेले असते ते मुदतीअखेर दाखवून द्यावे लागते. नाही दाखवता आले तर सनद जाते आणि शाळा बंद होते.

ही कल्पना मूळची शिक्षकांच्या वर्तुळातली आहे. रे बड या शिक्षणतज्ज्ञाने ती मांडली आणि १९८८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी तिला देशभर पोहोचवले. शिक्षकांना प्रयोग करायला मोकळी जागा मिळावी, हा त्यांचा हेतू होता. पुढे या शाळांना जे वळण लागले ते शँकर यांना पटले नाही आणि त्यांनी उघडपणे विरोध केला. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. न्यू जर्सीचा कायदा १९९५ चा म्हणून ओळखला जातो. त्यावर गव्हर्नरची सही जानेवारी १९९६ मध्ये झाली आणि पहिल्या तेरा शाळा १९९७ मध्ये सुरू झाल्या. २०२१ च्या सुमारास देशभरात अशा सुमारे ७,८०० शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुले, म्हणजे सार्वजनिक शाळांतील मुलांपैकी साधारण सात टक्के, शिकत होती.

नाशिकहून आलेल्या पालकाला मी सहसा अनुदानित शाळेचे उदाहरण देते, कारण ते बऱ्याच अंशी लागू पडते. संस्था खासगी, पैसा सरकारी, ही रचना दोन्हीकडे आहे. पण पुढे वाटा वेगळ्या होतात. अनुदानित शाळेत शासन संचमान्यतेनुसार मंजूर पदांचे वेतन देते. इथे पैसा पदांमागे येत नाही, मुलामागे येतो. आणि अनुदानावर आलेली शाळा केवळ निकाल खालावले म्हणून बंद झाल्याचे आपण क्वचितच ऐकले असेल. इथे ती शक्यता प्रत्येक करारात लिहिलेली असते. प्रवेशाच्या सोडतीचेही तसेच आहे. आरटीईच्या २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत आपण पाहिली असेल. चार्टर स्कूलमध्ये अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सगळ्याच मोकळ्या जागा सोडतीने भरतात आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, जरी काही शाळा गरीब घरांतील मुलांना सोडतीत अधिक संधी देतात.

पैशाचे गणित थोडे सविस्तर सांगते, कारण या शाळांबद्दलचे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे मूल ज्या डिस्ट्रिक्टमध्ये राहते त्या डिस्ट्रिक्टने त्या मुलामागच्या रकमेतील ९० टक्के चार्टर शाळेकडे वळते करायचे असतात. मात्र राज्याच्या मदतीचे काही प्रकार या हिशेबात धरले जात नाहीत, त्यामुळे हाती येणारी रक्कम बऱ्याच शाळांत त्याहून कमी असते. शिवाय राज्य किंवा स्थानिक कराचा पैसा नवी इमारत बांधण्यासाठी वापरता येत नाही. म्हणूनच आपल्याला या शाळा जुन्या चर्चच्या आवारात, गोदामांत, कार्यालयांच्या मजल्यांवर भाड्याने दिसतात. माझी पहिली शाळा एका चर्चच्या तळघरात आणि पहिल्या मजल्यावर भरत असे. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी व्यायामशाळेत घडीची टेबले उघडली की तिचे जेवणघर होई, एक वाजता टेबले भिंतीला लागत आणि पुन्हा चेंडू उसळू लागत. मुलांना त्याचे काही वाटत नसे. पण ज्या पालकांना मोठे मैदान, वाद्यवृंद आणि प्रयोगशाळा हवी असते त्यांनी इमारत आधी पाहून यावी.

मुलामागे पैसा येतो याचा अर्थ पट हाच शाळेचा श्वास असतो. १५ ऑक्टोबरला पटाची अधिकृत नोंद होते. त्या आधीच्या दोन आठवड्यांत आमच्या कार्यालयातील बाई सकाळपासून फोन घेऊन बसत: जूनमध्ये नाव घातलेले अमुक मूल सप्टेंबरात आलेच नाही, कुटुंब पेनसिल्व्हेनियाला गेले का, की डिस्ट्रिक्टच्या शाळेत परतले? सहा मुले कमी भरली की विमा धरून एका शिक्षकाचे वेतन अडचणीत येई. या दडपणाचे दोन परिणाम मी पाहिले आहेत. एक चांगला: पालकाचा फोन उचलला जातो, तक्रार ऐकली जाते, कारण प्रत्येक घर महत्त्वाचे असते. दुसरा काळजीचा: शाळेची शक्ती शिकवण्याऐवजी जाहिरातीत खर्च होऊ लागते.

डिस्ट्रिक्टची बाजूही खरी आहे आणि ती मांडल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. समजा, एका डिस्ट्रिक्टमधून चाळीस मुले चार्टरकडे गेली. ती एकाच वर्गातून जात नाहीत. तीन इमारतींतून आणि सात-आठ इयत्तांतून थोडी थोडी जातात. चोवीसचा वर्ग तेवीसचा होतो. शिक्षक तोच, बस तीच, हिवाळ्यात इमारत तापवण्याचा खर्च तोच. पैसे मात्र चाळीस मुलांचे जातात. आमच्या शाळेत आलेल्या मुलाला त्याच्या वाट्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, असे मी वीस वर्षे मांडत आले आहे. तरीही मागे राहिलेल्या मुलांच्या वर्गावर त्याचा भार पडू नये म्हणून राज्याने मधल्या काळासाठी डिस्ट्रिक्टला आधार द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. गावातल्या मालमत्ता करातून या खर्चाचा मोठा भाग चालतो, त्यामुळे आपण घर घेतलेत की हा वाद आपलाही होईल.

आता सोडतीबद्दल. बौद्धिक कुवत, इंग्रजीवरचे प्रभुत्व किंवा अपंगत्व पाहून चार्टर शाळेला मुले निवडता येत नाहीत. इथे मराठी कुटुंबांत एक गोंधळ वारंवार होतो: हॅकेन्सॅकची बर्गन काउंटी अकॅडमीज किंवा जर्सी सिटीचे मॅकनेअर हायस्कूल यांची नावे चार्टर शाळांच्या यादीत घेतली जातात. त्या सार्वजनिक शाळाच आहेत, पण त्या गुणवत्ता पाहून विद्यार्थी निवडतात. चार्टर शाळांशी त्यांचा संबंध नाही. चार्टरच्या सोडतीत त्या गावच्या रहिवाशांना प्राधान्य असते आणि ज्यांचे भावंड आधीच शाळेत आहे त्यांनाही बहुधा प्राधान्य मिळते. मी पाहिलेल्या पहिल्या सोडतीत फिरत्या पिंपातून चिठ्ठ्या काढल्या होत्या. एका जुळ्यांपैकी मुलाची चिठ्ठी बाराव्या क्रमांकाला निघाली आणि शाळेच्या नियमाप्रमाणे बहीण आपोआप तेराव्या जागेवर आली. त्यामुळे जिचा नंबर लागता लागता राहिला ती आई मागच्या रांगेत बसलेली होती. आता हे काम संगणक करतो, पण प्रतीक्षा यादीतला नंबर कळल्यावर घरात होणारी शांतता तीच असते. अर्ज भरला म्हणून डिस्ट्रिक्टच्या शाळेतला आपल्या मुलीचा हक्क जात नाही, त्यामुळे अर्ज भरून ठेवण्यात तोटा काही नाही. ऑगस्टअखेरपर्यंत यादी हलत राहते.

तर आता चौथा प्रश्न. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका केंद्राने या शाळांचे देशपातळीवर तीन मोठे अभ्यास केले. २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के कमी आणि उरलेल्या जवळपास सारख्या निघाल्या. २०२३ च्या अभ्यासात चित्र सुधारले होते: एका शालेय वर्षात चार्टरमधील मुलांची प्रगती सरासरीने वाचनात सोळा दिवसांच्या आणि गणितात सहा दिवसांच्या जास्तीच्या शिक्षणाइतकी होती. पण त्याच अभ्यासात पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांची मुले वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवसांनी मागे होती. एकाच नावाखाली इतके अंतर असेल तर सरासरीवरून आपल्या गल्लीतल्या शाळेविषयी काहीही कळत नाही. मॅसॅच्युसेट्समधील सोडतींवर आधारलेले संशोधन मला अधिक विश्वसनीय वाटते, कारण त्यात सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना आहे. दोन्हीकडचे पालक सारखेच जागरूक. तिथे बॉस्टनसारख्या शहरांतील चार्टर शाळांनी मोठी प्रगती दाखवली, आणि उपनगरांतील चार्टर शाळांत तसा लाभ दिसला नाही, काही ठिकाणी तोटाच दिसला. माझा स्वतःचा अनुभव याच्याशी जुळतो. जिथे घराजवळची शाळा मुलांना खरोखर कमी पडत होती तिथे आमच्या कामाने फरक पडला. जिथे ती आधीच चांगली होती तिथे आम्ही दुसऱ्या प्रकारची शाळा दिली, वरचढ शाळा दिली असे मी म्हणणार नाही.

राज्य बदलले की नियमही बदलतात, हे लक्षात ठेवावे. न्यू जर्सीत सनद देणारी व्यक्ती एकच, राज्याचे शिक्षण आयुक्त. पहिली सनद चार वर्षांची आणि नूतनीकरण पाच वर्षांचे. ॲरिझोनात पहिलीच सनद पंधरा वर्षांची असते. न्यू यॉर्कमध्ये सनद देणाऱ्या संस्था एकाहून अधिक आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या कतरिना वादळानंतर जवळजवळ सगळी शालेय व्यवस्थाच चार्टर झाली, आणि २०२४ मध्ये तिथल्या डिस्ट्रिक्टने पुन्हा स्वतः चालवलेली एक शाळा सुरू केली. म्हणून टेक्सासमधल्या मावशीचा किंवा कॅलिफोर्नियातल्या मित्राचा अनुभव आपल्या गावाला लावू नये.

म्हणून मी आपला प्रश्न असा बदलून घेते: ही एक शाळा, तिच्या सनदेच्या या टप्प्यावर, आपल्या मुलीसाठी कशी आहे? किंडरगार्टन ते आठवी ही नऊ वर्षे होतात आणि सनदेची मुदत फार तर पाच वर्षांची, म्हणजे आपली मुलगी तिथे असताना नूतनीकरण किमान एकदा होणारच. गेल्या वेळी ते पूर्ण मुदतीचे झाले का, की अटी घालून झाले, शाळा मधल्या काळात आयुक्तांच्या देखरेखीखाली होती का, हे राज्याच्या निर्णयपत्रात लिहिलेले असते आणि ते पत्र सार्वजनिक असते. मी लिहिलेल्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी आमच्या सहावीच्या गणिताचे निकाल दोन वर्षे घसरलेले होते. ते का घसरले आणि आम्ही काय बदलले हे अकरा पानांत सांगावे लागले. ती पाने वाचणाऱ्या पालकाला शाळेच्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी अधिक कळले असते, पण त्या वर्षी ती मागून वाचणारे पालक फक्त दोन होते.

त्यानंतर पटाचे आकडे इयत्तावार पाहावेत. पाचवीत साठ मुले होती आणि तीच तुकडी आठवीत पोहोचेपर्यंत एकेचाळीस उरली, तर मधली एकोणीस कुठे गेली आणि त्यांच्या जागा प्रतीक्षा यादीतून भरल्या की रिकाम्या ठेवल्या, हे विचारायलाच हवे. आठवीचे उत्तम निकाल कधी कधी उरलेल्या मुलांचे असतात. शिस्तीच्या पद्धतीविषयीही स्पष्ट विचारावे. एके काळी शहरांतील अनेक चार्टर शाळांत रांगेत आवाज न करता चालणे, नजर शिक्षकाकडे ठेवणे, लहान चुकीलाही शिक्षा, असा कडक खाक्या होता. त्यातल्या बऱ्याच शाळांनी तो सौम्य केला आहे, सगळ्यांनी नाही. काही मुलांना त्या चौकटीत स्थैर्य मिळते, काही मुले तिथे कोमेजतात, आणि आपले मूल कोणते हे आपल्यालाच ठाऊक.

मुलीला वाचा, श्रवण किंवा शिकण्यातली कोणतीही विशेष गरज असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. केंद्राच्या कायद्याप्रमाणे विशेष शिक्षणाची जबाबदारी चार्टर शाळेवरही इतर सार्वजनिक शाळांसारखीच असते. लहान शाळेत वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येत असेल, ते समजण्यासारखे आहे. पण 'तुमच्या मुलाची सोय डिस्ट्रिक्टमध्ये जास्त चांगली होईल' असे एखाद्या आईला गोड शब्दांत सुचवलेले मी एका शाळेत माझ्या कानांनी ऐकले आहे. ते चूक होते आणि मी तसे लेखी कळवले होते. आपल्याला कोणी असे सुचवले तर ते लेखी मागावे. बहुतेक वेळा ते लेखी मिळत नाही आणि विषय तिथेच थांबतो.

शिक्षकांविषयी थोडक्यात: न्यू जर्सीत चार्टर शाळेच्या शिक्षकांनाही राज्याचे प्रमाणपत्र लागते, पण वेतन शेजारच्या डिस्ट्रिक्टपेक्षा अनेकदा कमी असते आणि तरुण शिक्षक दोन-तीन वर्षांत निघून जातात. किंडरगार्टन आणि पहिलीच्या शिक्षिका किती वर्षे तिथे आहेत, हा प्रश्न मी कुठल्याही निकालाच्या आधी विचारेन. बसचा नियम सोपा आहे: आठवीपर्यंतच्या मुलाचे घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तर डिस्ट्रिक्टने चार्टरच्या मुलासाठीही सोय करायची असते.

आपण लिहिले आहे त्यावरून घराजवळची शाळा बरी आहे, मुलगी बोलकी आहे आणि आपण दोघे नोकरी करता. अशा स्थितीत मी अर्ज भरेन, पण निर्णय मात्र दोन्ही शाळांच्या वर्गात अर्धा तास बसून आल्यावरच घेईन. आणि त्याआधी चार्टर शाळेच्या विश्वस्त मंडळाच्या एका सभेला जाईन. राज्याच्या कायद्यानुसार या सभा सर्वांसाठी खुल्या असतात, तारखा शाळेच्या संकेतस्थळावर असतात आणि नागरिकांच्या प्रश्नांसाठी वेळ राखलेला असतो. तिथे उभे राहून एवढेच विचारा की सनदेची मुदत कधी संपते आणि गेल्या नूतनीकरणाचे निर्णयपत्र कुठे वाचायला मिळेल. मंडळाच्या अध्यक्षांना हे तोंडपाठ असेल तर ती एक चांगली खूण समजा. उत्तर शोधायला कागद चाळावे लागले तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन ते पत्र स्वतः मागून घ्या.